डेसिकेट म्हणजे डिहायड्रेट? कोण म्हणतं?

शब्दकिडा: काल इथे एकाने ठोकून दिलं की इंग्रजीतलं डेसिकेट म्हणजे डिहायड्रेटच, फक्त भाव खायला वापरतात, आणि ते सकर्मकच आहे त्यामुळे 'द लेक डेसिकेटेड' (तळं सुकून गेलं) लिहिणारा अडाणी. वर ढीगभर लाइक. अहो, उन्हातून आलेला माणूस 'आय ॲम डिहायड्रेटेड' म्हणतो, पाणी प्यायला की ताजातवाना. 'डेसिकेटेड' म्हणाला तर तो ममी असायला हवा! इजिप्तवाले प्रेतं नेट्रॉन क्षारात ठेवून पार आतपर्यंत सुकवायचे, ते डेसिकेशन. मुळातला लॅटिन 'सिकस' म्हणजे कोरडा, डिहायड्रेटमध्ये मात्र ग्रीक पाणी बसलंय. अकर्मक वापर डिक्शनरीत छापलेला आहे, जरा उघडून बघायचे कष्ट घ्या. भूमध्य समुद्र साधारण ५५ ते ६० लाख वर्षांपूर्वी बराचसा आटला होता असं भूशास्त्रज्ञ सांगतात, त्यालाही ते डेसिकेशनच म्हणतात. तिथे सकर्मक करायला कर्ता कुठून आणू?

लालपेन: ती पोस्ट माझी. डिक्शनरीत काय, वाट्टेल ते सापडतं. मी संपादनाची कामं करतो, एका महाशयांनी 'हिज होप्स डेसिकेटेड' लिहून पाठवलं, मी गुपचूप 'ड्राइड अप' केलं तर फोनवर अर्धा तास डोकं खाल्लं माझं. असल्या लोकांमुळेच मी चिडतो. आणि स्पेलिंग? एक एस, दोन सी, पण हे शब्द मिरवणारे हमखास उलटं लिहितात.

काचनळी: केमिस्ट्रीत हे दोन वेगळेच आहेत हो. साखरेवर तीव्र सल्फ्युरिक ॲसिड ओता, काळा कोळसा वर फुगून येतो. साखर ओली होती का? नाही. रेणूतलाच हायड्रोजन-ऑक्सिजन पाणी बनून निघाला, ते डिहायड्रेशन. चिकटलेला ओलावा काढणं म्हणजे डेसिकेशन.

लालपेन: मग तेच ॲसिड डेसिकेटरच्या, म्हणजे नमुने कोरडे ठेवायच्या झाकणाच्या भांड्याच्या, तळाशी का ठेवायचे बाई? दोन्ही कामं करतंच ना?

काचनळी: करतं. पण तिथे ते हवेतली वाफ शोषतं, नमुन्याचा रेणू फोडत नाही, नमुना त्याला लागतही नाही. आणि डेसिकेटर कधी पाहिलाय का? झाकणाच्या काठाला ग्रीस असतं, ते कडेला सरकवून उघडायचं, वर ओढायचं नाही. आमच्या एका ज्युनियरने ओढलं, खालचा भाग झाकणासोबत उचलला गेला आणि फरशीवर चुराडा. खापर फुटलं माझ्यावर!

शंकासुर: डेसिकेटरवरून आठवलं, बुटाच्या खोक्यातल्या 'डू नॉट ईट' पुड्या विषारी असतात ना? आमच्याकडे त्यावरून केवढा हलकल्लोळ झाला होता.

काचनळी: त्यातली ओलावा शोषणारी साधी सिलिका जेल विषारी नसते, लहान पोराच्या घशात अडकायची भीती जास्त. रंग बदलणारी निळी असेल तर तिच्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ओलावा धरला की गुलाबी होते, ती मात्र तोंडात नको. गुलाबी झाली की ओव्हनमध्ये तापवून परत वापरता येते.

शंकासुर: आणि भिजलेला फोन तांदळात? माझा जुना फोन तांदळानेच वाचला, कुणी काही म्हणो.

काचनळी: तो नुसता बाहेर ठेवला असता तरी वाचला असता. ॲपलनेच २०२४ मध्ये सांगितलंय, तांदळात ठेवू नका, बारीक कण आत जातात.

शंकासुर: ॲपलला नवा फोन विकायचाय! आमच्या अनुभवाला काही किंमतच नाही का?

शब्दकिडा: अरे धागा शब्दाचा आहे!! लालपेन साहेब, ब्रिटिश नेते अन्युरिन बेव्हन १९५४ मध्ये 'डेसिकेटेड कॅल्क्युलेटिंग मशीन' म्हणाले होते, भावनेचा थेंबही न उरलेला नेता अशा अर्थाने. तिथे तुमचं 'ड्राइड-अप' घालून बघा, सगळी धार जाते.

लालपेन: तिथे शोभतो, मान्य. बेव्हनना परवानगी दिली, खूश? 'होप्स'ला मिळणार नाही. आणि ते अकर्मकाचं... बरं, तळ्यापुरतं चालवून घेतो.

शब्दकिडा: केवढे उपकार! आता ती पोस्ट एडिट करा, 'अडाणी' शब्द अजून तसाच आहे.

शंकासुर: पण निळी पुडी फोनसोबत डब्यात ठेवली तर चालेल का, ते कुणी सांगेल?