थट्टेची पोथी झाली तेव्हा: आपले अनुभव लिहा

गोदाकाठ, पैठण
परवा नात्यातल्या ग्रुपवर एक व्रत आले आणि मी ते पाहताक्षणी ओळखले, कारण ते माझ्या मावसभावाने 'अकरा जणांना पाठवा' छापाच्या संदेशांना वैतागून लिहिले होते. मूळ मजकुरात देवाचे नाव 'नेटवर्कनाथ' होते, सोमवारी मोबाईलला उपवास घडवायचा होता आणि पोथी पुसून टाकणाऱ्या औशाच्या एका गृहस्थाची म्हैस आटली होती. आता नेटवर्कनाथाच्या जागी देवीचा फोटो आहे आणि उपवास माणसाने करायचा आहे. म्हैस तेवढी जशीच्या तशी आहे. थट्टा अशी खरी मानली गेल्याचे आपलेही अनुभव असतील, ते लिहावेत.

परभणीची सून
आमच्याकडे आलेली म्हैस जिंतूरची आहे. माझ्या जाऊबाईंनी तो संदेश पुढे पाठवला, तेव्हा मी विचारले की आपल्याला हे पटले का. त्या म्हणाल्या, "खरं-खोटं देवाला ठाऊक, पण पाठवायला काय पैसे पडतात का?" त्यांची फसगत झाली असे मला वाटत नाही. पूर्वी अशीच पोस्टकार्डे येत असत, तेव्हा निदान कार्डाचा खर्च आड येई. कुकर झाला, उरलेले नंतर लिहिते.

जालन्याचे मास्तर
याला 'पोचा नियम' म्हणतात. 2005 साली नेथन पो यांनी, उत्क्रांती नाकारणाऱ्यांशी चाललेल्या वादात, असे मांडले की डोळा मारणारे चिन्ह किंवा विनोदाची उघड खूण नसेल, तर अशा मताचे विडंबन कोणीतरी खरे मानणारच. त्याच वर्षी बॉबी हेंडरसन यांनी अमेरिकेतील कॅन्सस राज्याच्या शिक्षण मंडळाला पत्र लिहून, सृष्टी शेवयांच्या उडत्या देवाने निर्माण केली हेही शाळेत शिकवावे, अशी मागणी केली होती.

भारुडवाला
मास्तर, आमच्याकडे डोळा मारण्याचे काम भारुडकार करतो. नाथांच्या भारुडातील सून भवानीला रोडगा कबूल करून सासू, सासरा, दादला या सगळ्यांपासून सुटका मागते, आणि भारुडकाराचा कमरेवरचा हात व घसरता पदर पाहिला की हा नवस निराळाच आहे, हे लहान पोरांनाही कळते. गेल्या षष्ठीला त्याच ओळी कोणीतरी नाथांचे नाव गाळून टाकल्या, तर खाली "हिच्यावर गुन्हा दाखल करा" असे लिहून आले.

गोदाकाठ, पैठण
'हिच्यावर'?

भारुडवाला
होय, 'हिच्यावर'.

निलंगेकर
माझ्या भाच्याने 'रिचार्जबाबा' नावाचे पान काढले होते, त्यात बाबा उरलेला डेटा अंगाऱ्यासारखा वाटत. एके दिवशी एक शेतकरी पत्ता शोधत दारी आले आणि "बाबांची बारी कोणत्या वारी असते?" असे विचारू लागले. भाच्याने सारे गमतीचे असल्याचे सांगितले, तर ते म्हणाले, "मोठी माणसं असंच सांगतात."

परभणीची सून
मग पुढे काय झाले?

निलंगेकर
चहा घेऊन गेले. भाच्याने पान बंद केले, पण तोवर आणखी दोघांचे फोन येऊन गेले होते.