इव्हॅक्युएशन वॉर्निंग (घर सोडायच्या तयारीत राहा अशी सूचना) आलीये, आत्ताच निघू का?

आम्ही कॅलिफोर्नियात पासाडेनाला राहतो, डोंगरावर आग दिसतेय, सांता ॲना (इथला कोरडा, सोसाट्याचा) वारा जोरात सुटलाय आणि आईबाबा भारतातून आलेत, आईला गुडघ्यामुळे पटकन चालता येत नाही. घर सोडायचीच ऑर्डर येईपर्यंत थांबू का?

उत्तर १: थांबू नका हो! २०२५ च्या ईटन आगीत तुमच्या शेजारच्याच पश्चिम आल्टाडेनात ऑर्डर पहाटे ३ नंतर आली, तोवर घरं पेटली होती. वॉर्निंग आली की म्हाताऱ्या माणसांनी निघायचंच.

उत्तर २: पासपोर्ट, आईंच्या गोळ्या डब्यासकट, चष्मा, एन९५ मास्क. गाडी आत्ताच बाहेर काढून तोंड रस्त्याकडे करून ठेवा, लाईट गेली तर गॅरेजचं दार लाल दोरी ओढून हाताने उचलावं लागतं, आमचं अंधारात उघडेचना.

प्रश्नकर्ता: निघालो. आईने देव्हाऱ्यातला बाळकृष्ण पदरात घेतलाय.