'गुरुजींना टीईटी द्यायला काय धाड भरलीय?' – याला उत्तर

खडूफळा:
परवा इथे एकाने लिहिलं, "वीस वर्षं शिकवताय ना, मग दीडशे मार्कांची टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, द्यायला काय धाड भरलीय? येत नसेल त्याने घरी बसावं." खाली टाळ्यांचा पाऊस. बायको म्हणाली, सोडून द्या. नाही सोडत.

मी २००४ ला शिक्षणसेवक म्हणून लागलो. महिना तीन हजार. बारावी, डीएड, निवड यादी, तेव्हा सरकारने जे मागितलं ते सगळं दिलं. २०१० च्या ऑगस्टमध्ये एनसीटीईने, म्हणजे शिक्षकांची पात्रता ठरवणाऱ्या केंद्राच्या परिषदेने, टीईटी आणली, तीही आधी लागलेल्यांना सूट देऊन. आणि १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल: निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त उरली असतील तर दोन वर्षांत पास व्हा, नाहीतर नोकरी सोडा.

नियम दिल्लीचा, नेमणूक जिल्हा परिषदेची, पगार राज्याचा आणि मान माझी. उत्तर प्रदेश, तामिळनाडू फेरविचारासाठी कोर्टात गेले. आम्ही ५ डिसेंबरला शाळा बंद ठेवल्या, तर आपल्या महाराष्ट्र सरकारकडून सगळ्यात आधी काय निघालं? एक दिवसाचा पगार कापायचं पत्र.

आणि परीक्षा कोण घेणार? तीच राज्य परीक्षा परिषद, जिचे तेव्हाचे प्रमुख २०२१ मध्ये टीईटी घोटाळ्यात पकडले गेले आणि सात हजारांवर उमेदवार बाद झाले. ते माझी पात्रता तपासणार!

स्पष्टवक्ता:
तो 'एक जण' मीच. नाव घ्यायला लाजू नका.

तुमची कहाणी ऐकली. पण २०१७ ला शिक्षण हक्क कायदा (आरटीई) बदलून नोकरीतल्या शिक्षकांना पात्रता मिळवायला मुदत दिली तेव्हा संघटना काय करत होत्या? बदल्यांच्या याद्या बघत होत्या. माझ्या गावच्या शाळेत चौथीतल्या पोराला वजाबाकी येत नाही. गुरुजी तालुक्याहून साडेदहाला येतात, चारला मोटारसायकलला किक मारतात आणि मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावातच, राहतो असं लिहून घरभाडं उचलतात. ते आधी सांगा.

डीएड_बेकार:
दोघांनाही नमस्कार. मी २०१३ च्या पहिल्याच टीईटीला पास झालो. नंतर टेट, म्हणजे भरतीची अभियोग्यता चाचणी, दिली, शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर प्राधान्यक्रम भरून भरून बोटं झिजली. वय एकोणचाळीस. सध्या झेरॉक्सचं दुकान. खडूफळा सर, तुमचं दुःख मोठं आहे, फक्त ते दर महिन्याच्या एक तारखेला जमा होतं.

खडूफळा:
@डीएड_बेकार, एक तारखेला? कुठल्या जिल्ह्यात?

सह्याद्रीपलीकडची:
मुळात टीईटी हा मुद्दाच नाही. मुद्दा आहे की राज्यांनी दिल्लीपुढे किती वाकायचं. तामिळनाडूने केंद्राच्या पीएमश्री शाळा योजनेवर सही केली नाही म्हणून समग्र शिक्षा योजनेचे केंद्राकडचे २,१५२ कोटी अडकले. आपण सही केली आणि वर पहिलीपासून हिंदीचा जीआर काढला, १६ एप्रिल २०२५. मग 'अनिवार्य' शब्दाला स्थगिती, मग १७ जूनला 'सर्वसाधारणपणे' हिंदी असा दुसरा जीआर, मग २९ जूनला दोन्ही जीआर रद्द. जून संपेपर्यंत शाळेला कळेना की पहिलीला भाषा किती!

स्पष्टवक्ता:
ताई, हिंदीचा धागा वेगळा काढा. घरभाड्याचं बोला.

खडूफळा:
बोलतो. २०२२ ला आमदार प्रशांत बंब यांनी हाच विषय काढला, तेव्हापासून प्रत्येक कट्ट्यावर हेच. माझी दुसरी शाळा डोंगरातल्या वस्तीवर होती. राहायचंच ठरवून गेलो होतो. वस्तीत पक्क्या खोल्या दोन: एक शाळा, दुसरी अंगणवाडी. खालच्या गावात एकाने खोली दाखवली. नळ चांगला, मोरी चांगली. चहा ठेवला आणि मग विचारलं, "आडनाव काय म्हणालात?" सांगितलं. चहा आला. खोली 'पुतण्याला द्यायचीय' झाली. नऊ वर्षं रोज अठ्ठावीस किलोमीटर जा-ये केली. मी गावातच राहतो असा ग्रामसभेचा ठराव मला त्याच घरमालकाच्या भावाने सही करून दिला. तो खोटा होता. हो, खोटा. लिहा आता.

सुगरण_आजी:
माझे यजमान १९७१ ला लागले. तेव्हा गावच खोली द्यायचं, ज्वारी द्यायचं. शाळेपाठीमागे आम्ही भेंडी लावायचो. मास्तरांचा दिवा रात्री दिसला की पोरं पुस्तकं घेऊन यायची. आता गुरुजींच्या पोरांनाच तालुक्याला इंग्रजी शाळेत घालायचंय, म्हणून तालुका. खरं सांगा, तुमची मुलं कुठं आहेत?

खडूफळा:
थोरली झेडपीतच शिकली, सातवीपर्यंत. धाकटा नाही. सहावी ते आठवीचा पट वीसच्या खाली गेला, आणि १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षक किती ते ठरवणाऱ्या, जीआरप्रमाणे तिथे शिक्षक शून्य. शून्य शिक्षकांच्या वर्गात मुलगा घालू का, आजी?

डीएड_बेकार:
आणि २०२४ लाच कमी पटाच्या शाळेत कंत्राटी डीएडवाला किंवा निवृत्त गुरुजी, असा निर्णय काढला होता. आमच्या घरात पेढे आणायचे बाकी होते. २०२५ ला तोही रद्द. पेढे वाचले.

स्पष्टवक्ता:
आडनावाचं वाईट झालं. मनापासून. पण सगळेच नऊ वर्षं त्यासाठी जा-ये करत नाहीत हो. आमचे गुरुजी ज्या आडनावाचे आहेत त्यांना गावात दहा घरं मिळतील. तुमच्या खऱ्या दुःखामागे बाकीचे दडतात.

खडूफळा:
दडतात. मान्य.
पण तुमच्या चौथीतल्या पोराचंही ऐका. वर्ग दोन, शिक्षक एक, आणि तो एक बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम त्याच्याच गळ्यात. आरटीईचं कलम २७ म्हणतं, अशैक्षणिक कामं नकोत. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून. इतक्या निवडणुकांच्या राज्यात तेवढी फट पुरते. त्यात तांदळाची नोंद, ॲपवर फोटो, रेंजसाठी टेकडी. वजाबाकी कधी शिकवू?

स्पष्टवक्ता:
रडगाणं. माझी बहीण अंगणवाडी सेविका आहे, तीही हेच सगळं करते, तुमच्या पगाराच्या चिमूटभर पैशांत. तिला विधान परिषदेत आमदार नाहीत. तुम्हाला शिक्षक मतदारसंघांचे सात आहेत!

सह्याद्रीपलीकडची:
सातही आमदार असून तो संचमान्यतेचा जीआर आला ना? मग त्यांचा उपयोग काय?

खडूफळा:
ताई, पहिल्यांदा तुमचं पटलं.

सुगरण_आजी:
भांडू नका. यजमान असते तर परीक्षा देऊन आले असते, आणि नंतर मोर्चातही गेले असते.

स्पष्टवक्ता:
चला, एवढं मागे घेतो: 'घरी बसावं' हे जास्त झालं. 'धाड भरलीय' मात्र मागे घेत नाही. कोर्टाने सांगितलंय, अभ्यास करा. दीडशे मार्क आहेत, एव्हरेस्ट नाही.

खडूफळा:
उपकार झाले. फॉर्म भरणारच आहे, तुमच्या सल्ल्याची वाट बघत नव्हतो. दुसरा पेपर, सहावी ते आठवीचा. गणित-विज्ञान जमेल, बालमानसशास्त्र एकवीस वर्षांत पुस्तकातून वाचलेलं नाही. कुणाकडे नोट्स असतील तर सांगा.

डीएड_बेकार:
माझ्याकडे आहेत. तीन वेळा अपडेट केलेल्या. व्यनि (खासगी निरोप) करा, पत्ता पाठवा. झेरॉक्सचे पैसे मात्र घेईन, सर.