घरी खिमा करण्यासाठी विजेवर चालणारे यंत्र घ्यावे का, आणि घेतल्यास कोणते?

भाकरीखिमा (प्रश्न):

आम्ही सोलापूरला राहतो. घरात खाणारी माणसे बरीच आहेत आणि खिमा सर्वांच्याच आवडीचा आहे, त्यामुळे एका वेळी दीड-दोन किलो तरी लागतो. आमच्याकडचे खाटीक आता सत्तुराने खिमा करून देत नाहीत. रविवारच्या गर्दीत सगळे मटण एकाच यंत्रातून निघते आणि त्यात आधीच्या गिऱ्हाइकाचे काय व किती अडकून राहिले आहे, हे कळायला मार्ग नसतो. घरच्या मिक्सरमध्ये केले की पात्याजवळच्या मटणाचा लगदा होतो, वरचे तुकडे तसेच राहतात आणि तो खिमा शिजल्यावर मोकळा न होता गोळे धरतो.

म्हणून यंत्र घेण्याचा विचार आहे. परंतु बाजारात पाहावे तर एका खोक्यावर ३५० वॅट लिहिलेले असते, दुसऱ्यावर २००० वॅट, आणि किमतीत मात्र तेवढा फरक दिसत नाही. हाडासकट मटण त्यात चालते का? धातूचे यंत्र घ्यावे की प्लॅस्टिकचे? माझा भाऊ न्यू जर्सीला असतो. तिकडे अशी यंत्रे अधिक प्रकारची मिळतात, तेव्हा त्याच्याकडून मागवणे शहाणपणाचे ठरेल का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

मळसूत्र (उत्तर):

सर्वप्रथम एक गोष्ट स्पष्ट करून घ्या, कारण खरेदीत गल्लत तिथेच होते. आपल्याकडे ‘खिम्याचे यंत्र’ म्हणून दोन अगदी निराळ्या वस्तू विकल्या जातात. एक म्हणजे भांड्याच्या तळाशी फिरणारी पाती असलेला चॉपर. तो मिक्सरचाच भाऊबंद असल्याने तुमची तक्रार त्याने पुरती मिटणार नाही. अर्धा किलो गार मटण थांबून थांबून फिरवले तर त्यात ठीक निघते, दोन किलोला तो पुरत नाही. दुसरी वस्तू म्हणजे खरे यंत्र: वर तबक, त्याखाली नळी, नळीत मटण पुढे ढकलणारे मळसूत्र, त्याच्या टोकाला चार पंखांचे पाते आणि पात्यापुढे सोऱ्याच्या ताटलीसारखी भोकांची चकती. तुम्हाला हेच हवे आहे.

वॅटच्या आकड्याला फारसे महत्त्व देऊ नका. मोटर पूर्ण अडकली असता क्षणभर ती जेवढी वीज ओढते, तेवढा आकडा खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापण्याची पद्धत आहे. प्रत्यक्ष काम करतानाचा आकडा यंत्राच्या बुडाशी चिकटवलेल्या पट्टीवर असतो आणि तो पुष्कळदा ३०० ते ५०० च्या दरम्यान भरतो. घरच्या कामाला तेवढे पुरते. त्यापेक्षा तोंडाचा आकार विचारा. या यंत्रांना ५, ८, १२, २२ असे क्रमांक असतात. ८ क्रमांकाची चकती साधारण ६२ मिलिमीटर व्यासाची असते, १२ क्रमांकाची ७० मिलिमीटरच्या आसपास. दोन किलोपर्यंतच्या कामाला ८ क्रमांक उत्तम. ५ क्रमांकात तुकडे फारच बारीक कापून घालावे लागतात, आणि २२ हे दुकानदाराचे काम आहे.

मळसूत्र आणि नळी धातूचीच असावी. आतले एखादे गिअर प्लॅस्टिकचे असले तर लगेच नाक मुरडू नका, कारण पुष्कळ यंत्रांत ते मुद्दाम तसे ठेवलेले असते. काही अडकले तर मोटर जळण्याऐवजी ते स्वस्त गिअर तुटावे, हा त्यामागचा हेतू. फक्त ते सुटे मिळते का, हे विकत घेण्याआधी विचारून घ्यावे. उलट फिरवण्याची कळ अवश्य असावी, कारण शिरा गुंतल्या की तिचाच आधार असतो.

हाडाविषयी एका शब्दात सांगायचे तर नाही. बोकडाच्या मटणात सत्तुराच्या घावाने उडालेल्या हाडाच्या बारीक कपच्या राहतात, त्यासुद्धा बोटांनी चाचपून काढून टाकाव्यात. पात्याची धार त्यांनीच जाते. खाटकाकडून खांद्याचे किंवा मांडीचे मटण हाडे काढून घ्या आणि त्यावरचा पांढरा चिवट पडदा घरी सुरीने सोलून टाका.

आता वापराविषयी. यंत्र चांगले की वाईट, यापेक्षा मटण गार आहे की नाही यावर खिमा अधिक अवलंबून असतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात तर हे विसरूनच चालणार नाही. मटणाचे बोटभर जाडीचे तुकडे करून परातीत एकेरी पसरावेत आणि कडा कडक होऊन मधला भाग अजून दबेल इतका वेळ फ्रीजरमध्ये ठेवावेत. नळी, मळसूत्र, पाते आणि चकतीही सोबतच गार करावीत. चरबी मऊ पडली की ती कापली न जाता चेंदली जाते, चकतीवर तिचा लेप बसतो आणि बाहेर येतो तो फिकट गुलाबी चिखल. मटण तारांसारखे सुटे निघत असेल तरच काम नीट चालले आहे असे समजावे. लेप दिसू लागताच थांबून पाते साफ करावे.

पाते बसवताना त्याची सपाट, धारेची बाजू चकतीकडे आणि फुगीर बाजू मळसूत्राकडे असली पाहिजे. हे उलटे बसले की नवे कोरे यंत्रसुद्धा मटण कापत नाही, नुसते रगडते, आणि दोष यंत्राच्या माथी मारला जातो.

पाटावरवंटा (उत्तर):

वरील माहिती योग्य आहे, परंतु मी थोडे विरुद्ध मत मांडतो. महिन्यातून एकदा दीड किलो खिमा करणाऱ्याने एवढे अवजड यंत्र ओट्यावर का बाळगावे? खिमा करायला दहा मिनिटे लागतात, त्यानंतर सुटे भाग खोलणे, घासणे आणि कोरडे करणे यात त्याच्या दुप्पट वेळ जातो. ओट्याच्या कडेला आवळून बसवायचे हाताने फिरवण्याचे बिडाचे यंत्र पुष्कळ स्वस्त पडते, त्याची रचना अगदी तीच असते आणि त्यात जळण्यासारखे काही नसते. अर्थात दोन किलोला दंड भरून येतात, हे मान्य आहे.

शिवाय खिमापावाच्या खिम्याला हाताने कापलेल्या मटणाची सर यंत्राला नाही, असे माझे ठाम मत आहे. जड सुरी आणि लाकडी ठोकळा असला की किलोभर मटण घरीही होते. कबाब, कोफ्ते किंवा कटलेट वारंवार करत असाल, तरच विजेचे यंत्र घ्यावे.

अटलांटिकपार (उत्तर):

न्यू जर्सीहून यंत्र मागवू नका. तिकडची वीज १२० व्होल्टची आणि आपली २३० व्होल्टची आहे. यंत्र थेट आपल्या सॉकेटमध्ये लावले तर मोटर गेलीच म्हणून समजा. ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण सुरू होताना मोटर नेहमीपेक्षा बरीच जास्त वीज ओढत असल्याने तो यंत्राच्या वॅटच्या किमान दुप्पट क्षमतेचा घ्यावा लागतो. तो विटेसारखा जड असतो आणि स्वस्तही नसतो. वर इकडे दुरुस्ती नाही आणि वॉरंटीही चालत नाही. भावाला काही मागायचेच असेल तर मटणात खुपसून तापमान पाहण्याचा काट्याचा थर्मामीटर मागा. खिशात मावतो आणि खिम्याच्या कामी खरोखर येतो.

भाकरीखिमा:

सर्वांचे आभार. आमच्याकडे सीख कबाब आणि कोफ्ते वरचेवर होतात, त्यामुळे पाटावरवंटा यांच्या कसोटीला आम्ही उतरतो असे वाटते! दोन शंका उरल्या आहेत. कबाबासाठी खिमा किती बारीक काढावा, आणि यंत्र धुवायचे कसे? शेजारच्यांच्या यंत्राची नळी डिशवॉशरमध्ये धुतल्यावर काळपट झाली आणि आता हाताला काळे लागते.

मळसूत्र (उत्तर):

ती नळी अ‍ॅल्युमिनियमची असणार. डिशवॉशरच्या तीव्र क्षारयुक्त साबणाने अ‍ॅल्युमिनियम काळवंडते आणि वरची चकाकी पुन्हा येत नाही. असे भाग कोमट पाणी, भांड्यांचा साधा साबण आणि बाटली धुण्याचा ब्रश यांनीच धुवावेत. पाते आणि चकती पोलादाची असली तरी पुष्कळदा गंजणारी असतात, म्हणून धुतल्याबरोबर फडक्याने पुसून, पूर्ण वाळवून त्यांना खाण्याच्या तेलाचा हात फिरवावा. नवे यंत्र आणल्यावरही कारखान्यातले वंगण निघून जाईपर्यंत सगळे भाग नीट धुवावेत आणि पहिल्यांदा निघालेला मूठभर खिमा टाकून द्यावा. शेवटी नळीत अडकलेले मटण बाहेर काढण्यासाठी पावाचा एखादा तुकडा घालावा. पाव बाहेर दिसू लागला की यंत्र बंद करावे.

कबाबासाठी आधी ८ मिलिमीटर भोकांच्या चकतीतून काढावे, परातीत पसरून पुन्हा गार करावे आणि मग ३ किंवा ५ मिलिमीटरच्या चकतीतून काढावे. एकदम बारीक चकतीत घातल्यास मोटरवर ताण येतो आणि मटण तापते. बोकडाचे मटण मुळात कमी चरबीचे असल्याने खाटकाकडून वेगळी चरबी मागून घ्या; एकूण वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतकी चरबी असली की कबाब कोरडे पडत नाहीत. मेंढीचे मटण मिळत असेल तर एवढा खटाटोप करावा लागणार नाही. मीठ खिमा काढून झाल्यावर घालून मळावे, म्हणजे मटणाला चिकटपणा येतो आणि ते सळई सोडत नाही. खिमापावासाठी मात्र ८ मिलिमीटरमधून एकदाच काढावे आणि मळू नये.

ढकलण्यासाठी यंत्रासोबतचा दट्ट्याच वापरावा. बोट, चमचा किंवा लाटण्याचे टोक नळीत कधीही घालू नये. पुस्तिकेत सलग चालवण्याची मर्यादा दिलेली असते, बहुधा ५ ते १० मिनिटांची. ती पाळावी आणि मधे मोटरला निवू द्यावे.

अटलांटिकपार (उत्तर):

थर्मामीटर कशाला, हे सांगायचे राहिले. अखंड तुकड्यावर जंतू असले तर ते बहुतेक वरच्या बाजूलाच असतात आणि भाजताना मरतात. खिम्यात ती वरची बाजूच आत मिसळली जाते, म्हणून कबाब मधोमध ७१ अंश सेल्सिअसपर्यंत तापला पाहिजे, कोंबडीचा असेल तर ७४ पर्यंत. भांड्यात तासभर शिजणाऱ्या खिम्याला ही काळजी नको. कच्चा खिमा फ्रीजमध्ये एक-दोन दिवसांच्या वर ठेवू नये. अधिक ठेवायचा असेल तर पिशवीत पातळ थापून फ्रीजरमध्ये ठेवावा, म्हणजे हवा तेवढाच तुकडा मोडून घेता येतो.