डिकॉयला ३००० डॉलर? मग आम्ही काय गोल्फ खेळायचा का?

प्रेअरीवाला:
कालच्या त्या पोस्टवर उत्तर लिहायला बसलो आणि ते इतकं लांबलं की म्हटलं वेगळा धागाच काढू. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी, पोस्ट अशी होती की कॅनडात गूज हंटिंग (गूज, अनेकवचनी गीज, म्हणजे मोठे रानटी पाणपक्षी, त्यांची शिकार) सुरू करायचं तर आधी पाच डझन फुलबॉडी डिकॉय, म्हणजे खरे पक्षी फसून उतरावेत म्हणून रानात मांडायचे पूर्ण आकाराचे खोटे पक्षी, घ्या, ते न्यायला ट्रेलर घ्या, आणि ३००० डॉलर काढायची तयारी नसेल तर "गोल्फ खेळा". डोकंच फिरलं वाचून.

मी सास्काचेवानात आहे, गाडी जुनी करोला, घरात दोन पोरं. २०२४ च्या ऑक्टोबरात इथे प्रांताची निवडणूक झाली, २८ तारखेला मतदान आणि २९ ला गावभर कोरोप्लास्टचे (आतून पोकळ नळ्या असलेल्या प्लास्टिक शीटचे) प्रचाराचे बोर्ड अनाथ. उमेदवारांच्या ऑफिसात फोन करून विचारलं, नेऊ का, तर म्हणे न्या बाबा, उपकार होतील. (न विचारता उचलू नका, तो माल त्यांचा असतो.) त्यातून आणि वर चार नवीन शीट आणून साडेचार डझन सिल्हूट, म्हणजे गूजच्या आकाराचे सपाट डिकॉय, कापले, एकूण खर्च १४० डॉलर, त्यातला निम्मा रंगाचा.

आता ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी. कोरोप्लास्टच्या आत ज्या नळ्या असतात त्या उभ्या येतील असाच पक्षी कापा, म्हणजे बोर्डाबरोबर आलेली तार सरळ नळीत जाते, वेगळा खुंटा लागत नाही. मी पहिले नऊ आडवे कापले, ते आता गॅरेजमध्ये झाकण म्हणून वापरतो. रंग देण्याआधी पॉलिशपेपर मारा आणि प्लास्टिकचा प्रायमर लावा, नाहीतर पहिल्या थंडीत रंगाची सालपटं निघतात. रंग मॅटच हवा. चकाकणारा डिकॉय म्हणजे गीजना "इकडे येऊ नका" अशी पाटी. आणि सगळे एकाच दिशेने लावू नका, थोडे तिरके फिरवत लावा. सिल्हूट धारेवरून दिसतच नाही, त्यामुळे वर घिरट्या घालणाऱ्या पक्ष्याला काही दिसतात काही गायब होतात, आणि खाली हालचाल चाललीय असं वाटतं. ही हालचाल फुकट आहे, असं दिसणं-गायब होणं फुलबॉडीत मिळत नाही.

बाकी सगळं आदल्या संध्याकाळी ठरतं. गीज मटाराच्या नाहीतर बार्लीच्या धसकटात नेमके कुठे चरत होते ते बघा आणि पहाटे तिथेच बसा. त्या जागेवर दोन डझन पुरतात, शेजारच्या रानात वीस डझन लावले तरी वरून हॉर्न वाजवत निघून जातात.

ट्रेलरमालक:
पोस्ट माझीच होती, त्यामुळे उत्तर देणं भाग आहे. "आदल्या संध्याकाळी बघा" हे तुम्ही एका ओळीत उडवलंत. मी बघायला जातो तेव्हा एका संध्याकाळी अडीचशे-तीनशे किलोमीटर होतात. गॅसचा, म्हणजे पेट्रोलचा, खर्च कुठे धरलात? सीझनमध्ये दहा वेळा गेलात की तुमच्या १४० डॉलरची गंमत संपली. शिवाय शेतकऱ्याची परवानगी. १ जानेवारी २०२२ पासून सास्काचेवानात आधी विचारल्याशिवाय कुणाच्या रानात पाऊल ठेवता येत नाही. नेमकं तेच रान मिळालं नाही तर शेजारच्या रानातून थवा ओढावा लागतो, आणि तिथे लांबून दिसणारा मोठा स्प्रेडच, म्हणजे डिकॉयची मांडणी, लागतो. कागदी गीज तिथे मार खातात.

आणि नोव्हेंबरात जमीन गोठल्यावर तुमच्या तारा घुसतात का हो? का गीजना म्हणता, थांबा, माती मऊ होऊ दे?

प्रेअरीवाला:
बॅटरीवालं ड्रिल. भोक पाडा, तार घाला. फार तर पाऊण तास.

ट्रेलरमालक:
उणे बारामध्ये, अंधारात, चोपन्न भोकं. आणि म्हणे स्वस्त.

बर्फाळ_बंड्या:
दोघंही कॅनडा गीजबद्दलच बोलताय. स्नो गीजच्या, म्हणजे पांढऱ्या गीजच्या, शिकारीला या, मग कळेल. तिथे शेकड्यांनी डिकॉय लागतात, फुलबॉडी घेतले तर घर विकावं लागेल. टेक्सासातले जुने लोक भाताच्या रानात पांढरी फडकी, पोरांच्या लंगोटांची कापडं, वर्तमानपत्रंसुद्धा पसरून थवेच्या थवे उतरवायचे. मी मॅनिटोबात टायव्हेकचे (घराच्या भिंतींना गुंडाळतात त्या पांढऱ्या शीटचे) वाऱ्याने फुगणारे, मोज्यासारखे डिकॉय शिवलेत, घरबांधणीतून उरलेला रोल होता. वारा असला की बघत राहावं असं दृश्य. वारा पडला की मात्र मेलेल्या कोंबड्या टाकल्यासारखं दिसतं, हे प्रामाणिकपणे सांगतो.

अजून एक. लपण नीट नसेल तर सोन्याचे डिकॉय लावा, काही उपयोग नाही. आमचा एक मित्र पांढऱ्या टोपीत उठून बसला, सकाळच गेली.

भिगवणकर:
मी पक्षी बघणारा माणूस, उगीच इथे आलो आणि आता राहवत नाही. उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात पट्टकदंब (बार-हेडेड गूज) उतरतात, हिमालय ओलांडून येतात, आणि आम्ही श्वास रोखून दुर्बिणीतून बघतो. तुम्ही लोक त्याच कुळातला पक्षी फसवून मारताय आणि वर रंग मॅट हवा का चकचकीत यावर भांडताय. आपल्याकडे हंस सरस्वतीचं वाहन आहे, एवढं तरी आठवा.

सुगरण_विनिपेग:
अहो पण हा हंस नाही ना, गूज आहे. माझ्या सासूबाईंनीही फोनवर हेच केलं, हंस खाल्लास म्हणून दोन दिवस बोलल्या नाहीत. मी सांगितलं मोठं बदक आहे, तेव्हा कुठे रेसिपी विचारली.

भिगवणकर:
बदक सांगितलंत ते चूक. जुन्या संस्कृतातला हंस म्हणजे बऱ्याच अभ्यासकांच्या मते हा पट्टकदंबच, म्हणजे गूजच. लांब मानेचा पांढराशुभ्र स्वान महाराष्ट्रात येतोय कुठे? तो कॅलेंडरवाल्यांनी देवीला बसायला दिला. तेव्हा सासूबाईच बरोबर होत्या.

प्रेअरीवाला:
धागा डिकॉयचा आहे.

कोपऱ्यातला_माणूस:
असू दे डिकॉयचा, मला त्यावरच बोलायचंय. आमच्या मराठवाड्यात फासेपारधी पाळलेला तितर पिंजऱ्यात घालून रानात ठेवायचे, तो ओरडला की रानातले तितर भांडायला यायचे आणि फाशात अडकायचे. हा डिकॉयच झाला ना? फरक एवढाच की १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, तो कायदा १९५२ ला गेला तरी गावाच्या डोक्यातून गेला नाही. आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तोच धंदा गुन्हा. तुम्ही मात्र परमिट काढून तेच करता आणि त्याला "आउटडोअर हॉबी" म्हणता. माझ्या वर्गातल्या पारधी पोराच्या बापाला चार तितरांसाठी धरून नेलेलं मी बघितलंय. शाळा सुटली त्याची.

ट्रेलरमालक:
हे फार झालं. आम्ही कायदा पाळतो, शिसं सोडून स्टीलच्या गोळ्या वापरतो, रोजची मर्यादा पाळतो. जिवंत पक्षी आमिष म्हणून लावायला अमेरिकेत १९३५ पासूनच बंदी आहे. तुमच्या गावच्या पोलिसांचा राग आमच्यावर का?

कोपऱ्यातला_माणूस:
तुमच्यावर नाही. पण ३००० डॉलर नसतील तर गोल्फ खेळा म्हणणाऱ्याला हे ऐकवावंसं वाटलं. शिकार पोटासाठी असते तेव्हा गुन्हा, पैशाची असते तेव्हा छंद.

भिगवणकर:
म्हणजे काय, उजनीवर पण फासे लावू द्यायचे का? कायदा नसता तर आज बघायला पक्षी उरले नसते.

कोपऱ्यातला_माणूस:
कायदा नको असं कोण म्हणालं? तुमच्या दुर्बिणीतून फक्त पक्षी दिसतात, एवढंच म्हणतोय.

सुगरण_विनिपेग:
भांडू नका रे. मला एक सांगा, आणलेला पक्षी सगळा खाता की छातीचं मांस काढून बाकी फेकता? मांस वाया घालवणं कॅनडात बेकायदा आहेच, पण मला त्याहून जास्त त्रास मांड्या फेकण्याचा होतो. मटणासारखा वाटणाचा रस्सा करून मंद आचेवर तीन तास ठेवा, शिट्ट्यांवर जाऊ नका, नुसत्या शिट्ट्या मोजून हे मांस शिजत नाही.

बर्फाळ_बंड्या:
ताई, स्नो गूजच्या मांड्या म्हणजे चपलेचा पट्टा.

सुगरण_विनिपेग:
तुम्हाला शिजवता येत नाही, बोलायचं काम नाही.

प्रेअरीवाला:
कोपऱ्यातल्या दादांचं मनाला लागलं, खोटं कशाला बोलू. यावर माझ्याकडे उत्तर नाही. फक्त एवढं सांगतो की स्वस्त डिकॉय इथे काही नवीन नाहीत. कॅनडातल्या जेम्स बेकडचे क्री आदिवासी तामराक झाडाच्या बारीक फांद्या बांधून गीज बनवत आलेत, आणि नेवाडात लव्हलॉक गुहेत पाणथळीतल्या लव्हाळ्याची बदकं सापडली, साधारण २००० वर्षांपूर्वीची. ट्रेलर त्यांच्याकडेही नव्हता.

आणि ट्रेलरमालक, गॅसचा मुद्दा मान्य. तो खर्च मी धरला नव्हता. पण तो तुम्हालाही आहेच, वर ट्रेलर ओढायचा वेगळा.

ट्रेलरमालक:
मान्य म्हणालात हेच खूप झालं. बरं, सप्टेंबरात, पक्षी अजून कुटुंबाकुटुंबाने फिरत असताना, दोन डझन सिल्हूट चालत असतील, एवढं मी म्हणू शकतो. ऑक्टोबरअखेर नाही.

तुमचा तो कापायचा स्टेन्सिल पाठवा. मला नकोय, पोराला शाळेच्या प्रोजेक्टला हवाय.

प्रेअरीवाला:
पाठवतो. पोराला सांगा, नळ्या उभ्या ठेव.