अठरा वर्षांनंतर पुन्हा अभ्यास: एम.ए.साठी पन्नास हजारांत कोणता लॅपटॉप घ्यावा?

रामबागची विद्यार्थिनी

सर्वांना नमस्कार. बी.कॉम. होऊन मला अठरा वर्षे झाली. ती घर, सासूबाईंचे आजारपण आणि एका लहान पेढीत हिशेब लिहिण्याचे काम यांत गेली. यंदा मी इंदूरच्या देवी अहिल्या विश्वविद्यालयात अर्थशास्त्राच्या एम.ए.ला प्रवेश घेतला असून रोज रामबागेतून खंडवा रोडवरील तक्षशिला परिसरात सिटी बसने जाणार आहे. घरातला डेस्कटॉप २०१४ सालचा आहे. त्यावरील विंडोज १० ला मिळणारी सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, आणि विंडोज ११ त्या यंत्रावर बसत नाही.

गेल्या आठवड्यात जेल रोड आणि सिल्व्हर मॉल अशा दोन्ही ठिकाणी फिरून आले. एका दुकानात सांगितले की ‘आय ५’ लिहिलेला कोणताही घ्या, डोळे मिटून घ्या. दुसऱ्या दुकानात रायझेन ५ ७५२०यू हा प्रोसेसर असलेला लॅपटॉप दाखवला आणि क्रमांक सातपासून सुरू होतो म्हणजे तो नवा आहे, असे समजावले. मी हिशेब लिहिणारी बाई आहे, त्यामुळे कशासाठी किती पैसे मोजले हे कळल्याशिवाय माझा हात पाकिटाकडे जात नाही.

माझी गरज अशी आहे. जर्नलमधले लेख वाचणे, एक्सेल, ऑनलाइन व्याख्याने, मराठी व हिंदी टंकलेखन, आणि दुसऱ्या वर्षी प्रबंध. प्रबंधाचा विषय स्त्रियांचा श्रमातील सहभाग असा मनात आहे, आणि विभागातील बाईंनी त्यासाठी पीएलएफएस या सरकारी श्रमबल सर्वेक्षणाची मूळ आकडेवारी ‘आर’ या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरमध्ये वापरावी लागेल असे सांगितले आहे. चाळिशीमुळे बारीक अक्षर वाचताना डोके दुखते. पन्नास हजार रुपये बाजूला काढले आहेत, आणि ते माझ्या कमाईचे आहेत. अकरावीतल्या मुलाला वाटते की लॅपटॉप गेमिंगचा घ्यावा म्हणजे दोघांचेही काम होईल. हे कितपत योग्य ठरेल?

सांख्यिकीचा जुना विद्यार्थी

ताई, प्रथम मनःपूर्वक अभिनंदन. आपण प्रबंधाचा विषय सांगितलात हे फार बरे केलेत, कारण त्यावरून उत्तर नेमके देता येते.

‘आर’ हे सॉफ्टवेअर मोफत आहे, पण त्याची एक रीत लक्षात ठेवावी लागते: ज्या आकडेवारीवर काम करायचे, ती सगळी ते साधारणपणे रॅममध्ये, म्हणजे काम चालू असतानाच्या तात्पुरत्या स्मृतीत, आणून ठेवते. आता आपल्याच विषयाचे गणित करू. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या पीएलएफएस सर्वेक्षणाच्या पहिल्या वर्षी, म्हणजे २०१७-१८ मध्ये, १,०२,११३ कुटुंबांतील ४,३३,३३९ व्यक्तींची माहिती घेतली गेली. प्रत्येक व्यक्तीची एक ओळ. रकाने अंदाजे १४० धरले आणि ‘आर’ एका संख्येला ८ बाइट जागा देते हे लक्षात घेतले, तर सुमारे साडेअठ्ठेचाळीस कोटी बाइट होतात, म्हणजे जवळजवळ अर्धा जीबी. शिवाय आकडेवारीत फेरफार करताना ‘आर’ बरेचदा तिची दुसरी प्रत तयार करते, त्यामुळे अर्ध्याचा एक किंवा दीड जीबी सहज होतो. विंडोज ११ स्वतःकडे तीन-चार जीबी ठेवते, आणि ब्राउझरमध्ये व्याख्यान व पाच-सहा लेख उघडे असतील तर आणखी दोन जीबी जातात. आठ जीबीचा लॅपटॉप या ठिकाणी अडखळू लागतो.

त्यामुळे माझे मत असे की १६ जीबी रॅम ही आपली पहिली अट असावी आणि प्रोसेसरचा विचार त्यानंतर करावा. आज ८ जीबीच परवडत असेल, तर पुढे वाढवता येईल असाच लॅपटॉप घ्यावा. मधल्या काळात काटकसरीचा एक मार्गही आहे. आपल्याला सगळे रकाने लागणार नाहीत. वय, लिंग, शिक्षण, वैवाहिक स्थिती, कामाचा प्रकार, वेतन आणि भारांक (नमुन्यातली एक व्यक्ती किती लोकांच्या वतीने धरायची तो आकडा) असे वीस रकाने निवडून वाचले, तर सात वर्षांची आकडेवारी साधारण तेवढ्याच जागेत मावते जेवढी एका वर्षाची पूर्ण फाइल घेते. हिशेबाची सवय असलेल्या माणसाला हे जमते.

एक्सेलमध्येच सगळे करू असे मनात आणू नका. एका पानावर १०,४८,५७६ ओळींची मर्यादा असल्याने एक वर्ष मावेल, पण तीन वर्षे एकत्र केली की ती ओलांडली जाईल.

वीस वर्षे दुरुस्तीच्या टेबलावर

मी इंदुरातच लॅपटॉप दुरुस्त करतो, विकत नाही, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

आपल्याला दाखवलेल्या ७५२०यूविषयी आधी सांगतो, कारण येथे पुष्कळ ग्राहक फसतात. रायझेन बनवणाऱ्या एएमडी कंपनीच्या त्या मालिकेत पहिला अंक केवळ वर्ष सांगतो, तर आतील रचना कोणत्या पिढीची आहे ते तिसऱ्या अंकावरून कळते. ७५२०यूमध्ये तिसरा अंक २ आहे, म्हणजे रचना झेन २ या पिढीची, जी मुळात २०१९ सालची, आणि कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे स्वतंत्र भाग, चार. ७५३०यूमध्ये तिसरा अंक ३, म्हणजे झेन ३, आणि कोअर सहा. नावात एका अंकाचा फरक, पण कामात बराच. शिवाय ७५२०यूबरोबर येणारी रॅम नेहमी बोर्डावर डाख देऊन पक्की बसवलेली असते. ती आठ जीबी असेल तर लॅपटॉप निकामी होईपर्यंत आठच राहील. इंटेलकडेही ‘आय ५’ एवढ्या दोन अक्षरांवर जाऊ नये. पुढचा क्रमांक वाचावा. बाराव्या पिढीचा १२३५यू दहा कोअरचा असून आपल्या कामाला पुरून उरतो, आणि त्याच पिढीचा आय ३-१२१५यू सहा कोअरचा असूनही जुन्या पिढीच्या कित्येक आय ५ पेक्षा चांगला चालतो.

आता रॅम वाढवता येते की नाही हे दुकानदाराच्या शब्दावर सोडू नका. गेल्या वर्षी एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. मुलीच्या लॅपटॉपची रॅम ‘केव्हाही वाढेल’ असे त्यांना विकताना सांगितले गेले होते. मी झाकण उघडले तेव्हा आत रॅम बसवायची एकही खाच नव्हती. मुलगी शेजारी उभी होती आणि तिचा चेहरा मला अजून आठवतो. म्हणून दुकानात चालू लॅपटॉपवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जावे आणि खाली पाहावे. ‘स्लॉट्स यूज्ड’पुढे दोनपैकी एक वापरात असे दिसले तर एक खाच बहुधा मोकळी आहे. ‘फॉर्म फॅक्टर’पुढे ‘रो ऑफ चिप्स’ असे दिसले तर ती रॅम बोर्डावर पक्की आहे. काही लॅपटॉपांत आठ जीबी पक्की आणि शेजारी एक खाच अशीही रचना असते, ती आपल्याला चालेल. तरीही त्या नेमक्या मॉडेलची माहिती कंपनीच्या संकेतस्थळावर ताडून पाहावी, आणि झाकण उघडल्याने वॉरंटीला बाधा येते का हे बिलावर लिहून घ्यावे. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले आहेत, त्यामुळे ‘नंतर वाढवू’ या हिशेबात तो खर्चही धरावा.

पडद्याविषयी आपण स्वतंत्रपणे लिहिले नाही, पण डोकेदुखीचा उल्लेख केला आहे. स्वस्त लॅपटॉपांत अजूनही टीएन प्रकारचे पॅनल येतात, ज्यांत मान थोडी हलली की अक्षर फिके पडते. आयपीएस पॅनल, चकाकी नसलेला पृष्ठभाग आणि किमान ३०० निट्स (हे पडद्याच्या उजेडाचे माप) उजेड मागावा. २५० निट्स रात्री घरात पुरतात, परंतु खिडकीजवळच्या बाकावर दुपारी त्रास देतात.

पैसे वाचवायचे असतील तर कंपन्यांतून निघालेले, तपासून पुन्हा विकले जाणारे लॅपटॉपही पाहता येतील. थिंकपॅड टी४८० किंवा लॅटिट्यूड ७४९० यांसारख्या २०१८ सालच्या यंत्रांत आठव्या पिढीचा प्रोसेसर असेल तर विंडोज ११ अधिकृतपणे चालते, रॅमच्या दोन्ही खाचा मोकळ्या करता येतात आणि कीबोर्ड तर आजच्या पन्नास हजारांच्या लॅपटॉपांपेक्षा सरस असतो. फक्त बॅटरीचा अहवाल काढून मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी ठेवून पाहावी. निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीची किंमत वजा करूनच भाव बोलावा.

राजेंद्रनगरची शिक्षिका

दादांच्या शेवटच्या सल्ल्याशी मी आदराने असहमत आहे. ज्यांना स्वतः यंत्र उघडता येते त्यांच्यासाठी वापरलेला लॅपटॉप चांगलाच, पण ताईंना पहिल्या सत्रात परीक्षेची धास्ती असेल, आणि त्या दिवसांत यंत्र बंद पडले तर वाचवलेले वीस हजार रुपये कोणत्याही उपयोगाचे नाहीत. नवा घ्यावा, आणि घरी येऊन दुरुस्ती करून देणारी वॉरंटी आहे ना हे विचारावे. मी स्वतः एकेचाळिसाव्या वर्षी बी.एड. केले, त्यामुळे त्या धास्तीची मला कल्पना आहे.

ताई, आपल्या डोळ्यांसाठी आणि मानेसाठी माझी सूचना वेगळी आहे. मोठ्या अक्षराच्या मोहाने १५.६ इंची लॅपटॉप घेऊ नका. रोज बसने जाताना डबा, पाण्याची बाटली आणि पुस्तके यांच्या जोडीला पावणेदोन किलोचा लॅपटॉप आणि त्याचा चार्जर खांद्याला जाणवतो. १४ इंची, दीड किलोच्या आतला घ्यावा, आणि घरच्या जुन्या डेस्कटॉपचा मॉनिटर, कीबोर्ड व माउस टाकून न देता त्यालाच जोडावा. मॉनिटरला एचडीएमआय असेल तर एक तार पुरते. फक्त व्हीजीए असेल तर मध्ये एक छोटे परिवर्तक लागते. प्रबंधाचे खरे लेखन घरीच होते, आणि तेथे डोळ्यांच्या पातळीवर मोठा पडदा मिळाल्यावर माझी मानदुखी खूप कमी झाली.

टंकलेखनाविषयी थोडे अधिक लिहिते, कारण ते दुकानात कोणीच सांगत नाही. इंदुरातल्या टंकलेखनाच्या दुकानांत अजून कृतिदेव हा जुना फॉन्ट चालतो, आणि त्यात लिहिलेला मजकूर ज्या यंत्रावर तो फॉन्ट नाही तेथे निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. आपण पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या यंत्रांवर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरसंकेतांत, लिहावे. विंडोजच्या भाषांच्या यादीत मराठी जोडली की इन्स्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण कळमांडणी) आणि उच्चारानुसारी असे दोन्ही कीबोर्ड मिळतात, वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. इन्स्क्रिप्ट शिकायला मला तीन आठवडे लागले, परंतु एकदा हात बसल्यावर हिंदी आणि मराठी दोन्ही त्याच कळांवर लिहिता येतात. शिफ्ट धरून ‘एन’ची कळ दाबली की ‘ळ’, आणि ‘जे’ची दाबली की ‘दुसऱ्या’तला ‘ऱ’. तो ‘ऱ’ न सापडल्यामुळे ‘दुसर्या’ लिहिणारे पुष्कळ विद्यार्थी मी पाहिले आहेत.

रामबागची विद्यार्थिनी

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. मुलाच्या गेमिंगच्या आग्रहाविषयी मात्र कोणी लिहिले नाही.

सांख्यिकीचा जुना विद्यार्थी

गेमिंगच्या लॅपटॉपमध्ये आपल्या पन्नास हजारांतला मोठा भाग वेगळ्या ग्राफिक्स कार्डावर जातो, आणि आपले ‘आर’मधले काम त्या कार्डाला हातही लावत नाही. वजन दोन किलोच्या पुढे जाते, चार्जर वेगळाच जड असतो आणि बॅटरी व्याख्यानांचा दिवस पुरा करत नाही. शिवाय एकच यंत्र दोघांत ठेवले, तर ज्या रात्री आपल्याला लिहायचे असेल त्याच रात्री त्यालाही ते हवे असेल. हा लॅपटॉप आपल्या अभ्यासाचा आहे, तो आपल्याकडेच राहू द्या. मुलगा माध्यमिक शिक्षा मंडळाच्या शाळेत असेल तर त्याला हेही सांगा की बारावीच्या परीक्षेत ठरलेल्या टक्केवारीपेक्षा अधिक गुण मिळवणाऱ्यांना मध्यप्रदेश शासन लॅपटॉपसाठी २५,००० रुपये देत आले आहे. गेल्या काही वर्षांत ही अट ७५ टक्के होती.

रामबागची विद्यार्थिनी

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. १४ इंची, १.४ किलोचा, रायझेन ५ ७५३०यूचा नवा लॅपटॉप घेतला. आठ जीबी रॅम पक्की होती आणि एक खाच मोकळी. दुकानदाराला टास्क मॅनेजर उघडायला सांगितले तेव्हा तो थोडा चकित झाला, पण दाखवले. दुसरी आठ जीबी त्याच बिलात बसवून घेतली. एकूण खर्च ठरवलेल्या रकमेच्या अठराशे रुपये वर गेला, तो मी मान्य केला. जुन्या मॉनिटरला फक्त व्हीजीए होते, म्हणून परिवर्तक घेतले. मुलगा दोन दिवस रुसला होता, पण आता मॉनिटर जोडून देण्याचे काम तोच करतो.

बाईंनी सरावासाठी २०१७-१८ ची फाइल उतरवायला सांगितली होती. तिच्यात एका व्यक्तीचे सगळे आकडे सलग एका ओळीत असतात, आणि कोणता रकाना कितव्या अक्षरापासून सुरू होतो हे वेगळ्या एक्सेल फाइलमध्ये दिलेले असते. त्या रुंदी ‘आर’मध्ये भरायला मला दोन संध्याकाळी लागल्या, आणि पहिल्या खेपेस एक रुंदी चुकल्यामुळे वयाच्या रकान्यात भलतेच आकडे आले. ती चूक शोधून काढली आणि काल रात्री ‘आर’कडून फाइल पुन्हा वाचून घेतली. ओळींची संख्या विचारली तेव्हा पडद्यावर ४,३३,३३९ आले.