मदत हवी आहे : मुलीला शाळेच्या एक्स्चेंजवर फ्रान्सला पाठवायचंय

नमस्कार मंडळी, माझी लेक १५ वर्षांची आहे, तीन वर्षं फ्रेंच शिकतेय आणि डेल्फ ए२ (फ्रेंचची प्राथमिक पातळीची परीक्षा) पास झालीये, आता तिला एक वर्ष किंवा निदान एक टर्म तिकडच्या लिसेमध्ये (म्हणजे हायस्कूलमध्ये) जाऊन शिकायचंय, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटतं की भाषा तिथं राहूनच अंगात भिनते. एएफएस आणि रोटरी यूथ एक्स्चेंज या दोन्ही विद्यार्थी-एक्स्चेंज कार्यक्रमांची माहिती वाचली, दोन्हीकडे होस्ट फॅमिली असते, पण रोटरीत वर्षभरात घर बदलू शकतं म्हणे, तर मुलांना ते जड जातं का?

मुख्य प्रश्न वर्गाचा आहे. प्रीमिएरच्या, म्हणजे लिसेच्या दुसऱ्या वर्षाच्या, शेवटी बॅकची (तिकडची शाळा संपतानाची बोर्डाची परीक्षा) फ्रेंचची परीक्षा असते, त्यामुळे सगंड हा त्याआधीचा, लिसेचा पहिला वर्ग मागून घ्यावा असं मला वाटतंय, बरोबर आहे ना? की शाळाच ठरवते? ए२ वर इतिहास, गणित वगैरे फ्रेंचमधून झेपतं का, की आधी बी१ ही पुढची पातळी करून मगच पाठवू? आणि परत आल्यावर इथल्या शाळेने ते वर्ष धरलं का तुमच्या मुलांचं?

९० दिवसांपेक्षा जास्त राहायचं तर लाँग स्टे व्हिसा लागतो, अल्पवयीन मुलांसाठी पालकांची कुठली कागदपत्रं लागली तेही सांगा प्लीज. बेल्जियम किंवा कॅनडातल्या क्यूबेकला कोणी पाठवलं असेल तर तेही लिहा, उच्चार वेगळे असले तरी मला चालेल. लेक खूप आस लावून बसलीये हो, जे माहीत असेल ते सांगा.